सांगली आकाशवाणी कधी सुरू झालं?

कृष्णाकाठ: आजोबांच्या जुन्या रेडिओवर सांगलीच्या जागी पेन्सिलने २४० अशी खूण आहे, पण मोबाईलवर सांगली स्टेशन १२५१ दाखवतात, मग हे २४० काय? आणि स्टेशन नक्की कधीचं?

मिरजकर: स्टेशन १९६३ चं. आकडा एकच आहे हो, आधी रेडिओ लहरीची लांबी मीटरमध्ये सांगायचे, आता वारंवारता किलोहर्ट्झमध्ये सांगतात; १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे साधारण २४० मीटर. खूण जपून ठेवा, पुसू नका प्लीज!

रानवाट: आमच्याकडे संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की बाबा कुणाला बोलू द्यायचे नाहीत, हळदीवर काय फवारायचं ते आई वहीत लिहून घ्यायची, ती वही अजून आहे घरात. पण रात्री खरखर फार, मध्येच दुसरंच स्टेशन घुसायचं.

मिरजकर: ते मीडियम वेव्हमुळे. अंधार पडला की लहरी आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या अगदी वरच्या थरावरून, परत खाली येतात, मग लांबची स्टेशनंही त्याच जागी ऐकू येतात. दिवसा मात्र जमिनीलगतच जातात म्हणून आवाज स्वच्छ.

कृष्णाकाठ: मस्त, थँक्यू! रानवाट, वहीचा फोटो टाका ना.