व्हिटॅमिन ड्रिंक हे पेय की सप्लिमेंट? २२०२ विरुद्ध २१०६

कोडवाला: गेली बरीच वर्षं मी इम्पोर्टच्या कागदपत्रांचं काम करतोय आणि सगळ्यात जास्त भांडणं मी कशावर पाहिली असतील तर या एनर्जी आणि व्हिटॅमिन ड्रिंक्सच्या एचएस कोडवर, म्हणजे ज्यावरून मालाची कस्टम्स ड्युटी ठरते त्या जागतिक वर्गीकरणाच्या आकड्यावर. मागच्या महिन्यातलंच सांगतो, २५० मिलीचे कॅन, आत कॅफिन ८० मिलिग्रॅम, टॉरिन नावाचं अमिनो आम्ल, व्हिटॅमिन बी३, बी६, बी१२, आणि पार्टीनं इनव्हॉइसवर लिहिलेलं ‘फूड सप्लिमेंट’, म्हणजे २१०६. कस्टम्सच्या असेसमेंटला बसलेल्या बाईंनी कॅन उलटा केला, घटकांच्या यादीवर बोट ठेवलं, पहिला शब्द पाणी, दुसरा साखर. मग पुढचं वाचलं, ‘थंड करून प्या’. एवढंच बघून त्या म्हणाल्या २२०२, म्हणजे पेय. माल अडकला, डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, चढलं, पार्टी माझ्यावर चिडली, पण मला मनापासून वाटतं की बाईंचं बरोबर होतं. २१०६ चं हेडिंगच मुळी ‘इतरत्र न सांगितलेले अन्नपदार्थ’ असं आहे. ज्याला दुसरीकडे जागा आहे ते तिथे येतच नाही, आणि तयार, बिनदारूच्या पेयाला २२०२ मध्ये जागा आहे. व्हिटॅमिन घातलं म्हणून पेयाचं पेयपण जात नाही.

पोषणवाली: नाही पटलं. तुम्ही कॅनचं उदाहरण घेतलंत ते सोपं आहे हो. माझ्याकडे ६० मिलीची बाटली आहे, लेबलवर ‘रोज एक, जेवणानंतर, जास्त घेऊ नये’. ती कोणी तहान लागली म्हणून पितं का? त्यातलं पाणी फक्त व्हिटॅमिन पोटात न्यायला आहे. हाच फॉर्म्युला पावडर करून पाऊचमध्ये भरला की २१०६, पाण्यात विरघळवून भरला की २२०२, वस्तू तीच, माणूस घेतो त्याच कारणासाठी, आणि ड्युटी मात्र वेगळी. शिवाय एक्सप्लनेटरी नोट्समध्ये, म्हणजे एचएसच्या अधिकृत स्पष्टीकरणात, २१०६ खाली फूड सप्लिमेंटचा उल्लेख स्पष्ट आहे, व्हिटॅमिन घातलेली, तब्येत राखण्यासाठी म्हणून विकली जाणारी. मग ती द्रव असली तर अचानक शरबत कशी होते?

कोडवाला: पावडर आणि पाणी घातलेलं यात फरक आहेच ना ताई, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. २२०२ च्या नोट्समध्ये चिंचेच्या नेक्टरचं उदाहरण आहे बघा, पाणी आणि साखर घालून, गाळून, पिण्यायोग्य केलं की ते पेय. म्हणजे सीमा ‘सरळ पिता येतं का’ इथे आहे. युरोपच्या कोर्टानं १९८१ मध्येच, रिटर नावाच्या कंपनीच्या केसमध्ये, हेच धरलं होतं, माणसानं पिण्यासाठीचा द्रव म्हणजे पेय, तो किती घेता आणि कशासाठी घेता याच्याशी संबंध नाही. चमच्यानं घ्या नाहीतर ग्लासानं.

पोषणवाली: आणि त्याच कोर्टानं २००९ मध्ये स्विस कॅप्सच्या केसमध्ये काय म्हटलं? जिलेटिनच्या कॅप्सूलमधलं तेल आणि व्हिटॅमिन, तिथे कॅप्सूल म्हणजे नुसतं पॅकिंग नाही, ठराविक डोस आणि घ्यायची पद्धत त्यावरूनच ठरते, म्हणून २१०६. म्हणजे डोस बघायचा असतो! मग ६० मिलीची सीलबंद बाटली हाही डोसच आहे.

कोडवाला: मुद्दा चांगला आहे, पण तिथे स्पर्धा तेलाच्या हेडिंगशी होती, पेयाच्या नव्हे. कॅप्सूल कोणी पीत नाही.

औषधी_डबा: तुम्ही दोघं ३००४, म्हणजे औषधांचं हेडिंग, विसरताय. जपानमधलं लिपोव्हिटान डी बघा, १९६२ पासून, १०० मिलीची छोटी तपकिरी बाटली, आत टॉरिन १००० मिलिग्रॅम, कित्येक वर्षं औषध म्हणून फार्मसीत विकलं जायचं. एनर्जी ड्रिंकचं मूळ अशा बाटल्यांत आहे. जे औषध म्हणून मंजूर झालं ते औषधाच्या हेडिंगखाली का नको?

कोडवाला: कारण चॅप्टर ३० ची, म्हणजे औषधांच्या प्रकरणाची, पहिलीच नोट वाचा, टॉनिक पेयं, फूड सप्लिमेंट, व्हिटॅमिन वगैरे घालून पौष्टिक केलेले पदार्थ, सगळे बाहेर काढलेत, अपवाद फक्त शिरेतून द्यायच्या पोषणाचा. आणि तुम्हीच दिलेलं उदाहरण पुढे न्या. १९९९ मध्ये जपाननं त्याला फार्मसीबाहेर विकायची परवानगी दिली. तुमच्या हिशोबानं त्या दिवशी बाटलीतला एक थेंबही न बदलता तिचा टॅरिफ कोड बदलायला हवा होता. देशातलं लायसन्स एक गोष्ट, वर्गीकरण दुसरी. हे अधिकारीसुद्धा कधीकधी गोंधळतात म्हणून सांगतोय.

बंदरावरून: मला या सगळ्यापेक्षा पुढच्या दोन आकड्यांचा त्रास आहे. २२०२ मान्य, पण २२०२.१० की २२०२.९९? एकाच कॅनचे दोन कन्साइनमेंट, दोन बंदरं, दोन वेगळे कोड, आणि नंतर मला डिफरेन्शियल ड्युटीची, म्हणजे ड्युटीतला फरक भरायची, नोटीस. माझं म्हणणं, .१० म्हणजे साखर किंवा चव घातलेलं पाणी. कॅफिन, टॉरिन, बी ग्रुप हे चवीसाठी घालत नाहीत, परिणामासाठी घालतात, मग ते ‘इतर’ मध्येच जायला हवं.

पोषणवाली: इथे मी तुमच्या बाजूने.

कोडवाला: मी नाही. कोलामध्येही कॅफिन असतं आणि नोट्समध्ये कोला नाव घेऊन साखर-चवीच्या पाण्याच्याच गटात, म्हणजे .१० मध्ये आहे, लेमोनेडच्या शेजारी. मग एनर्जी ड्रिंकमध्ये कॅफिन जास्त म्हणून गट बदलायचा तर किती मिलिग्रॅमपासून? ती रेघ एचएसमध्ये कुठेच आखलेली नाही. हां, काही देशांनी आपापल्या टॅरिफमध्ये कॅफिनवाल्यांना वेगळं केलंय, तो त्यांचा हक्क, सहा आकड्यांच्या पुढे प्रत्येक देश मोकळा आहे. पण सहा आकड्यांपर्यंत तरी सगळीकडे एकच उत्तर यायला हवं, १९८८ पासून ही सिस्टिम त्याचसाठी चालवतोय ना आपण. दुधाच्या किंवा कोकोच्या बेसचं असेल तर .९९, तिथे वाद नाही. आणि तुमच्या नोटिशीबद्दल खरंच वाईट वाटलं, पुढच्या वेळी माल निघायच्या आधी पूर्ण फॉर्म्युला, टक्केवारीसकट, आणि लेबलचा फोटो जोडून अॅडव्हान्स रुलिंग, म्हणजे कोडबद्दल अधिकाऱ्यांचा आगाऊ निर्णय, घ्या. ‘व्हिटॅमिन ड्रिंक’ एवढं लिहून पाठवलंत तर उत्तरही तेवढंच मोघम येणार.

बंदरावरून: टक्केवारी सप्लायर देत नाही, ट्रेड सिक्रेट म्हणतो.

कोडवाला: मग त्याला थेट अथॉरिटीकडे गोपनीय म्हणून पाठवायला सांगा. काही ठिकाणी तशी सोय असते.

पोषणवाली: माझी ६० मिलीची बाटली अजून सुटली नाहीये हं. लेबलवर ‘एका ग्लास पाण्यात मिसळून घ्या’ असं छापलं तर?

कोडवाला: आत खरंच कॉन्सन्ट्रेट असेल, तसंच पिणं शक्य नसेल, तर मी स्वतः २१०६ टाकून सही करेन. नुसतं छापून नाही. सँपल उघडून चाखलं जातं.