दोन निरोगी जनुके जोडली गेली, तर ल्युकेमिया का होतो?

प्रश्न
क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे फ्यूजन (जोडलेले) प्रथिन तयार होते, इथपर्यंत समजले. परंतु बीसीआर आणि एबीएल ही दोन्ही प्रथिने निरोगी पेशीतही असतात. मग ती जोडली गेल्यावरच पेशी बेसुमार का वाढू लागतात? इतर ल्युकेमियांतही हेच घडते का?

उत्तर १
निरोगी एबीएल हे कायनेज (फॉस्फेट लावून पेशीला वाढीचा इशारा देणारे विकर) बहुतेक वेळ बंद असते, कारण त्याचे सुरुवातीचे टोक मागे वळून कायनेजच्याच एका खोबणीत बसते आणि त्याला आवळून धरते. गुणसूत्रांच्या या अदलाबदलीत नेमके हे टोक गळते आणि तिथे बीसीआरचा भाग येतो. हा भाग नुसता सोबती नाही. त्यातील पिळदार पट्टा असे चार रेणू एकत्र गुंफतो, आणि जवळ आलेली कायनेजे एकमेकांना फॉस्फेट लावून कायमची चालू राहतात. हा पट्टा काढून टाकला, तर पेशीला कर्करोगी बनवण्याची प्रथिनाची ताकद बरीच घटते. २००१ साली मान्यता मिळालेले इमॅटिनिब हे औषध या कायनेजच्या एटीपीच्या (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूच्या) जागेत बसते, परंतु कायनेजमधील ३१५ व्या स्थानावरचे थ्रिओनिन हे अमिनो आम्ल बदलून आयसोल्युसिन झाले, की इमॅटिनिबला तिथे जागाच उरत नाही.

उत्तर २
वरील उत्तर बरोबर आहे, मात्र ते सरसकट लागू करू नये. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात १५ आणि १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांमुळे बनणारे पीएमएल-रारा हे फ्यूजन प्रथिन काही चालू करत नाही, उलट पेशी परिपक्व करणारी जनुके दाबून ठेवते. रारा हा रेटिनोइक आम्लाचा (अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेणूचा) ग्राहक, म्हणजे रिसेप्टर आहे. फ्यूजननंतर तो दमनकारी (जनुके दाबून ठेवणाऱ्या) प्रथिनांना इतका घट्ट धरतो, की शरीरातील नेहमीचे रेटिनोइक आम्ल ती सोडवू शकत नाही. औषधी मात्रेत दिलेले ऑल-ट्रान्स रेटिनोइक आम्ल मात्र ती सोडवते, आणि त्या पेशी मरण्याऐवजी चक्क परिपक्व होतात. आर्सेनिक ट्रायऑक्साइड पीएमएलच्या बाजूला चिकटून संपूर्ण प्रथिनच नष्ट करवते. राराचा जोडीदार बदलून पीएमएलऐवजी पीएलझेडएफ हे प्रथिन आले, तर रेटिनोइक आम्लाचा फारसा उपयोग होत नाही, कारण पीएलझेडएफ स्वतःच दमनकारी प्रथिने धरून ठेवते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. म्हणजे फ्यूजन झाले, की आजार ठरलेलाच?

उत्तर २
नाही. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातील ईटीव्ही६-रन्क्स१ हे फ्यूजन अनेकदा गर्भातच घडलेले असते. पुढे आजारी पडलेल्या काही मुलांच्या, जन्मानंतर लगेच टाचेतून घेऊन कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबांतही ते सापडले आहे. तरीही ते घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना ल्युकेमिया होत नाही. त्यासाठी आणखी बिघाड लागतात, आणि त्यांतला नेहमी आढळणारा एक म्हणजे ईटीव्ही६ ची उरलेली निरोगी प्रतही गमावणे.