'आरोपी' कोण, आणि कधीपासून?

परळकर :
बातमीतलं वाक्य असं समजा : 'अलिबागच्या रिसॉर्टमध्ये मारहाण, मुंबईच्या तिघा गुन्हेगारांना चौकशीसाठी बोलावले.' 'गुन्हेगार' खोडून 'आरोपी' करायचं एवढं कळतं. पण नुसतं बोलावलेल्या माणसाला तरी आरोपी म्हणावं का? आणि मुळात हा शब्द व्याकरणात बसतो का? फिर्यादी म्हणजे फिर्याद करणारा, मग आरोपी म्हणजे आरोप करणारा नको का?

शब्दवेडा :
व्याकरणाचं आधी उरकू. 'सत्यवादी', 'द्रोही' यांत 'ते करणारा' असा अर्थ आहे, 'दोषी', 'रोगी' यांत 'ते असलेला'. आरोपी दुसऱ्या गटातला, ज्याच्यावर आरोप आहे तो. फिर्याद हा फारसी शब्द, त्याचा नियम इथे लावायचं कारण नाही. आणि तिकडचाच कैदी घेतला तर कैद करणारा असा अर्थ कुणी काढत नाही. 'आरोपित' लिहा म्हणणारे आहेत, पण मराठीत आरोपित म्हटलं की वरून लादलेलं, कल्पनेने चिकटवलेलं असं वाटतं. आरोपी चालू द्या.

पायरीकर :
व्याकरण ठीक, पण त्या वाक्यातला खरा खड्डा 'चौकशीसाठी बोलावले' हा आहे. या दोन शब्दांखाली कायद्यातल्या दोन वेगळ्या गोष्टी झाकल्या जातात.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी कार्यपद्धतीचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) कलम १७९ साक्षीदाराला बोलावण्याचं आहे. प्रकरणाची माहिती असलेल्या माणसाला पोलीस लेखी आदेशाने बोलावतात. पण तो माणूस त्याच पोलीस ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीतला हवा. म्हणजे अलिबागचे पोलीस परळच्या साक्षीदाराला या कलमाखाली तिकडे हजर व्हायला भाग पाडू शकत नाहीत. स्त्रिया, १५ वर्षांखालचे, ६० वर्षांवरचे, अपंग किंवा गंभीर आजारी यांना तर राहत्या घराबाहेर बोलावताच येत नाही, त्यांच्याकडे पोलिसांनी जायचं.

कलम ३५(३) ची नोटीस मात्र ज्याच्यावर संशय किंवा तक्रार आहे त्याला जाते. अटकेची गरज नाही असं पोलिसांना वाटतं तेव्हा ती काढतात. नोटिशीप्रमाणे हजर राहत गेलात तर अटक करता येत नाही. करायचीच झाली तर पोलिसांना कारणं लिहून ठेवावी लागतात. दांडी मारली तर तेच अटकेचं निमित्त होतं. मुंबईची माणसं 'बघू पुढच्या शनिवारी' म्हणतात आणि नेमकी इथे अडकतात.

तेव्हा कागद हातात आला की मजकुराआधी कलमाचा आकडा वाचायचा. १७९ असेल तर 'साक्षीदार', ३५ असेल तर 'संशयित'. बातमीत आरोपी लिहायचं तर प्रथम खबरीत (एफआयआर) नाव आहे की नाही ते पाहा.

परळकर :
मग 'गुन्हा दाखल झाला' म्हणजे गुन्हा घडल्याचं ठरलं, असं नाही ना?

पायरीकर :
नाही. मराठीत गुन्हा म्हणजे वाईट कृत्यही आणि पोलिसांच्या रजिस्टरातली नोंदही. कागदावर 'गु.र.नं.' दिसतो तो त्या नोंदीचा क्रमांक. गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःहून तपास करण्याजोगा, नसेल तर 'एनसी' (अदखलपात्र नोंद) होते, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. साधी दुखापत, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं (गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम ११५(२), या वर्गात येते. रिसॉर्टमधल्या कानफटात मारण्याची हद्द बहुधा इथेच संपते. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार मुंबईत दिली तर शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदून अलिबागला पाठवतात. खटला मात्र जिथे घडलं तिथेच चालतो.

भाषांतरकार :
आणखी तीन जोड्या घ्या, भाषांतरात यांचा फार घोळ होतो.

'ताब्यात घेतले' आणि 'अटक केली'. बातमीदाराला पहिला शब्द सौम्य वाटतो. कायद्यात अशी मधली पायरी नाही. माणसाला जाऊ दिलं नाही तिथून अटक सुरू, असं मुंबई उच्च न्यायालयानेही धरलं आहे. महत्त्व यासाठी की २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याचं घड्याळ तिथून चालू होतं. प्रवासाचा वेळ त्यातून वगळतात, पण गेटवेहून मांडव्याला बोट तासाभरात पोचते, तेव्हा त्या नावाखाली दिवस काढता येत नाही.

'पोलीस कोठडी' आणि 'न्यायालयीन कोठडी'. कोर्टाच्या आवारात यांना पीसीआर आणि एमसीआर म्हणतात. दुसरीचं नाव ऐकून लोकांना वाटतं आरोपीला कोर्टातच कुठे तरी ठेवलंय. तो कारागृहात असतो, पोलिसांच्या हातात नसतो, एवढाच अर्थ.

'अजामीनपात्र'. या शब्दाने फार घरांची झोप उडवली आहे. जामीन मिळणारच नाही असा त्याचा अर्थ नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क, अजामीनपात्र गुन्ह्यात कोर्टाच्या मर्जीचा विषय. शब्द घडवतानाच चुकला असं माझं मत, पण आता रुळलाय.

शब्दवेडा :
'जामीन' मुळात अरबी, अर्थ हमी घेणारा माणूस. 'मी तुला जामीन राहतो' यात तो जुना अर्थ टिकून आहे. पुढे सुटकेलाच जामीन म्हणू लागले, म्हणून माणसासाठी 'जामीनदार' करावा लागला. 'तुरुंग' पोर्तुगीजांकडून आलाय हे जाता जाता.

परळकर :
जातमुचलका आणि जामीन यांत फरक काय?

पायरीकर :
जातमुचलक्यात आरोपी स्वतःच लिहून देतो की हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम भरीन. दुसरा माणूस लागत नाही. जामीनदार लागला की ऐपतीचा दाखला, रेशनकार्ड, पगारपत्रक अशी कागदं निघतात. परगावच्या माणसाची अडचण इथे होते : 'जामीनदार स्थानिकच आणा.' असा हट्ट धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच मोतीराम खटल्यात सांगितलंय. मुंबईचा जामीनदार नाकारला तर वकिलाने तो निकाल पुढे करावा. जामीनदाराची कागदं व्हायला वेळ लागणार असेल तर तोवर रोख जामिनावर सोडण्याचा अर्ज देतात.

भाषांतरकार :
'दोषारोपपत्र' आणि 'दोषारोप' वेगळे ठेवा. पहिलं, म्हणजे चार्जशीट, पोलीस दाखल करतात, दुसरा कोर्ट निश्चित करतं. पत्र दाखल होण्याची मुदत ६० दिवस, फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. मुदत उलटली की कोठडीतल्या आरोपीचा जामिनाचा हक्क उभा राहतो. मात्र पत्र येण्याआधी अर्ज द्यावा लागतो. एक दिवस उशीर झाला आणि मधल्या वेळात पत्र आलं, तर तो हक्क गेला.

आणि 'दोषमुक्त'. वर्तमानपत्रं हा शब्द खटला उभा राहण्याआधीच सोडून दिल्याला वापरतात. कायद्याच्या मराठी पाठात त्याला 'विनादोषारोप सोडणे' म्हणतात, आणि तिथे 'दोषमुक्त' म्हणजे खटला चालून सुटलेला. एकच शब्द, दोन टोकं. म्हणून निकालातलं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम पाहायचं : २५० किंवा २६२ असेल तर पहिलं, २५८ किंवा २७१ असेल तर दुसरं. दुसऱ्यासाठी मी 'निर्दोष मुक्तता' लिहितो, तिथे गोंधळाला जागा राहत नाही.

परळकर :
अटकेची कारणं तोंडी सांगितली तर चालतं का? बातमीत 'कारणे कळवली' एवढंच येतं.

पायरीकर :
कळवणं आता पुरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कारणं लेखी, आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यावीत. लगेच शक्य नसेल तर निदान कोठडीसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. त्यामुळे 'कारणांची लेखी प्रत दिली' असं स्पष्ट लिहा. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा परिसरातल्या एका प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला खबर, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणं, हे सगळं वेगळं. यातला वकील पूर्ण वेळ शेजारी बसत नाही, अधूनमधून भेटतो.

आणि शेवटचा शब्द राहिलाच, 'सरकारी वकील'. 'मला सरकारी वकील द्या' असं आरोपीने म्हणू नये. सरकारी वकील त्याच्याविरुद्ध खटला चालवतो. त्याला हवा असतो विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील. कोठडीत असलेल्या कुणालाही तो उत्पन्न न पाहता मिळतो. दूरध्वनी १५१००.

परळकर :
मग वाक्य असं करतो : 'अलिबागच्या रिसॉर्टमधील मारहाणप्रकरणी मुंबईच्या तिघा संशयितांना पोलिसांची नोटीस.'

पायरीकर :
नोटीस ३५ ची आहे ना, तेवढं पाहून घ्या.