मदत हवी आहे: ब्रेक दाबला की डॅशबोर्ड उजळतो!

नटबोल्ट:
घरी बांधलेल्या गाडीचं वायरिंग मीच केलंय. दोन आठवडे त्यात गेले, आता डोकं उठलंय. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मिणमिणतात. लाइट लावून ब्रेक दाबला तर ब्रेक लाइट पेटत नाहीच, वर टेल लाइटही विझतो. इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालावर लुकलुकतो. फ्यूज शाबूत. आकृतीशी तीनदा ताडून पाहिलं. अर्थिंग तपासलंय, ते सांगू नका. नेमकं काय बदलू?

तारकेबल:
बल्ब दोन फिलामेंटचे का? बॉडी पत्र्याची की फायबरची?

एकच_उपाय:
सगळे बल्ब काढून एलईडी लावा. मी लावले, तेव्हापासून कटकट नाही. बॅटरीवरचा भारही कमी होतो.

नटबोल्ट:
एलईडीबद्दल विचारलेलं नाही. बल्ब दोन फिलामेंटचेच, २१/५ वॅटचे: ब्रेकला २१, टेलला ५. बॉडी फायबरची, पण त्याचा इथे काय संबंध?

तारकेबल:
संबंध तिथेच आहे. पत्र्याच्या बॉडीत होल्डरला बॉडीतूनच अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट, मिळतो, फायबरमधून मिळत नाही. बल्बच्या दोन्ही फिलामेंटचा अर्थ एकच. तो तुटला की ब्रेकचा करंट २१ वॅटच्या फिलामेंटमधून येतो आणि ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा पार्किंगच्या (टेल लाइटच्या) तारेत शिरतो. त्याच तारेवर डॅशबोर्डचे दिवे, म्हणून ते पेटतात. लाइट चालू असेल तर दोन्हीकडून १२ व्होल्ट, मग करंट वाहणार कुठून? दोन्ही विझणार.

जुना_हात:
एवढं पुराण कशाला? फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा रिले) बदला आणि १० अँपिअरचा फ्यूज काढून ३०चा टाका.

तारकेबल:
फ्यूज उडालेलाच नाही, धागा वाचा आधी. आणि फ्यूज तार वाचवायला असतो. बारीक तारेवर ३०चा टाकलात तर फ्यूजच्या आधी तार जळेल.

जुना_हात:
आम्ही वर्षानुवर्षं टाकतोय, काही जळलं नाही.

नटबोल्ट:
भांडण दुसरीकडे करा. मागच्या दोन्ही दिव्यांना काळी तार वेगळी ओढली आहे. मीटरवर शून्य ओहम येतोय. सांगितलं ना, अर्थ ठीक आहे!

तारकेबल:
शून्य कुठून कुठे?

नटबोल्ट:
होल्डरपासून तारेच्या टोकाच्या थिंबलपर्यंत (बोल्टखाली बसते ती धातूची कडी).

तारकेबल:
म्हणजे फक्त तार मोजलीत. थिंबल पुढे कशावर बसलंय? ओहम सोडा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या अर्थला, आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. ओहम मोजताना मीटर इतका किरकोळ करंट सोडतो की एका तंतूवर लटकलेली तारही चांगली दिसते.

कथील:
थिंबल दाबून बसवलीत की कथलाचा डाग दिलाय? डाग दिलेलंच टिकतं.

स्पॅनरवाला:
गाडीत डाग नको. कथील तारेत वर चढतं, तिथे ती कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते. चांगल्या पकडीने दाबा, झालं.

कथील:
माझा रेडिओ पंधरा वर्षं डागावर चालतोय.

स्पॅनरवाला:
तो खड्ड्यातून जातो का?

नटबोल्ट:
९.४ व्होल्ट!! थिंबल चासीच्या बोल्टला आहे. चासीला पावडर कोटिंग आहे.

तारकेबल:
मग तुमचा अर्थ रंगावर बसलाय. बोल्टखालचं कोटिंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. पुन्हा मोजा.

नटबोल्ट:
खरवडलं. आता ०.०४. ब्रेक लाइट लख्ख, डॅशबोर्ड गप्प. दोन आठवडे एका रंगाच्या थरापायी गेले! धन्यवाद.

एकच_उपाय:
आता एलईडी लावून टाका.

स्पॅनरवाला:
अभिनंदन. कोटिंग असलेली चासी आणि इंजिन रबरी माउंटिंगवर, म्हणून विचारतो: इंजिन ते चासी जाड अर्थ पट्टी टाकली आहे ना?

नटबोल्ट:
नाही. आकृतीत दिसली नाही. स्टार्टर जरा जड फिरतो, पण ते बॅटरी जुनी असल्यामुळे. आणि स्टार्ट करताना ॲक्सिलरेटरची केबल गरम होते, तो वेगळा विषय, त्यासाठी नवा धागा काढणार होतो.

स्पॅनरवाला:
अहो, वेगळा नाही! पट्टी नसल्यामुळे स्टार्टरचा सगळा करंट त्या केबलमधून परत जातोय. चावी काढा, पट्टी टाकेपर्यंत स्टार्टर मारू नका.