मदत हवी आहे: मालिका खरंच संपतेय की नुसती आवई? आणि टीआरपीचा कोणता तक्ता धरायचा?

फोंडेकरीण:
नमस्कार मंडळी. आमच्या महिला मंडळाच्या गटावर मी दर शुक्रवारी मराठी मालिकांची खबर देते. नवी मालिका कुठली, कोण कुणाच्या जागी आलं, आठवड्याचा टीआरपी काय, असं सगळं. फोंड्यातून ती माशेल, सावईवेरे, शिरोड्यापर्यंत पुढे जाते. गटातल्या बायका या मालिकांवर जीव लावून आहेत, म्हणून चुकीचं काही जाऊ नये असं फार वाटतं. तीन ठिकाणी अडलंय.

एकाच आठवड्याचे टीआरपीचे तीन तक्ते येतात. एकात आमची आवडती मालिका ६.१, दुसऱ्यात ५.४, तिसऱ्यात आकडा थेट हजारांत. शिवाय काही पानं 'गोव्यात नंबर एक' असं छापतात. ते कुठून आणतात?

संध्याकाळच्या एका मालिकेच्या वेळेवर नव्या मालिकेचा प्रोमो लागलाय. लगेच 'मालिका निरोप घेणार' सुरू झालं. वाहिनीने जुन्या मालिकेबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. काय समजायचं?

आणि कलाकारांच्या लग्नाचे, भांडणांचे, गोव्यातल्या मुक्कामाचे फोटो. त्यातलं काय द्यावं?

मांडवीकाठ:
ताई, टीआरपीचं सांगतो. तक्ता हातात आला की आधी त्याच्या खालची बारीक ओळ वाचा. आठवडा क्रमांक, बाजार (म्हणजे कुठल्या भागातले प्रेक्षक मोजले), वयोगट आणि शहरी की शहरी अधिक ग्रामीण, या चार गोष्टी तिथे हव्यात. एकाने २ वर्षांवरचे सगळे प्रेक्षक धरले आणि दुसऱ्याने १५ वर्षांवरचे, तर दोन्ही तक्ते खरे असून जुळणार नाहीत. ही ओळच नसेल तर तक्ता सोडून द्या.

आता एकक. हजारांतला आकडा म्हणजे दर मिनिटाचे सरासरी प्रेक्षक. ६.१ सारखा आकडा म्हणजे त्या बाजारातल्या एकूण टीव्ही प्रेक्षकांपैकी किती टक्के. समजा बाजारात १००० माणसं आहेत आणि मालिका ३० मिनिटांची. १०० जणांनी पूर्ण बघितली, आणखी १०० जणांनी निम्मी. एकूण ४५०० मिनिटं झाली, भागिले ३०, म्हणजे सरासरी १५० माणसं. टक्केवारी १५. चॅनेल २०० जणांनी लावला होता, पण रेटिंगमध्ये १५०च येतात. तास-दोन तासांच्या महाएपिसोडचा आकडा रोजच्या भागाशेजारी ठेवू नये तो याचसाठी: लांब भागात लोक उठतात, येतात, जातात, सरासरी वेगळी पडते. चांगल्या तक्त्यात महाएपिसोडची ओळ स्वतंत्र असते.

'गोव्यात नंबर एक' हे कधीच छापू नका. मराठी वाहिन्यांसाठी बार्कचा, म्हणजे टीआरपी मोजणाऱ्या संस्थेचा, बाजार 'महाराष्ट्र/गोवा' असा एकत्र आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी, गोव्याची १४.५८ लाख. दोन्हींच्या बेरजेत आपण शंभरात सव्वा. त्या तक्त्यातून एकट्या गोव्याची आवड वाचता येत नाही.

वारही सांभाळा. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि आकडे पुढच्या गुरुवारी येतात. सोमवारच्या लग्नाच्या भागाला किती मिळाले ते दहा दिवसांनी कळतं, शनिवारच्या भागाचं बाराव्या दिवशी. 'कालच्या भागाने टीआरपीचे विक्रम मोडले' असं मंगळवारी कुणी लिहिलं तर त्याच्याकडे आकडा असूच शकत नाही. तुमचा शुक्रवार मात्र अगदी बरोबर पडतो.

फोंडेकरीण:
हे फार उपयोगी आहे, दादा. आमच्यातल्या निम्म्या बायका मोबाईलवर ॲपमध्ये बघतात. ते या आकड्यात धरतात का?

मांडवीकाठ:
नाही. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते. निवडलेल्या घरांतल्या टीव्हीला जोडलेलं मीटर ती खूण ओळखतं, आणि घरातला कोण बघतोय ते त्या माणसाच्या ठरलेल्या बटणावरून कळतं. मीटर नसलेल्या घरात दिवसभर टीव्ही चालू ठेवला तरी टीआरपी हलत नाही. 'टीव्ही लावून ठेवा, मालिका वाचवा' हे आवाहन पुढे पाठवू नका. मीटरची घरं गुप्त ठेवलेली असतात, तेव्हा 'आमच्याकडे मीटर आहे' म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा.

ॲपची लोकप्रियता वेगळी मोजतात आणि ती ॲपवालेच सांगतात. कोण कुठे ते एकदा गटावर चिकटवून ठेवा: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनी लिव्हवर. जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झालं, त्याआधीच्या पोस्टमधली ॲपची नावं आता लागू नाहीत.

एक आपल्याकडचं. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात घरोघरी आरत्या, भजनं, पाहुणे. संध्याकाळचा टीव्ही बंद असतो. महाराष्ट्रातही तेच. त्या आठवड्यात आकडा खाली आला म्हणून कथानक पडलं असं लिहिणं मालिकेवर अन्याय आहे. त्या आठवड्यात बाकीच्या मालिकाही तितक्याच खाली आल्या का ते बघा. एकटीच घसरली असेल तरच ती बातमी.

साखळीहून:
मी वेळेच्या प्रश्नाचं लिहितो. मालिका संपतेय की नाही हे कथेवरून ओळखायला जाऊ नका, वेळेच्या चौकटीवरून ओळखा. खलनायिका उघडी पडली, सगळे एकत्र आले, म्हणजे शेवट आला असं प्रेक्षकांना वाटतं. पण त्यानंतर काही वर्षांची झेप घेऊन तीच मालिका पुढे चालते.

नव्या मालिकेच्या प्रोमोची शेवटची पाटी थांबवून वाचा. तारीख, वार आणि वेळ तिन्ही आहेत का? नुसतं 'लवकरच' असेल तर कुठली मालिका संपतेय हे त्यावरून सांगता येत नाही. तारीख आणि वेळ आली असेल तर त्या वाहिनीची संध्याकाळी साडेसहापासून अकरापर्यंतची अर्ध्या-अर्ध्या तासाची चौकट वहीत मांडा आणि प्रत्येक घरात मालिकेचं नाव लिहा. नवीन नाव ज्या घरात बसलं तिथली मालिका तीनपैकी एका वाटेने जाते: दुसऱ्या वेळेला सरकते, दुपारी जाते, किंवा संपते. सरकली तर जिथे जाईल त्या घरातली मालिका हलणार. म्हणून एका प्रोमोनंतर काही दिवसांत 'आता नव्या वेळेत' असा दुसरा प्रोमो येतो का याकडे डोळा ठेवा. बऱ्याचदा निरोप तिसऱ्याच मालिकेचा असतो, जिचं नाव कुणी घेतलेलं नसतं.

नंतर सेट-टॉप बॉक्सवरचं पुढचं वेळापत्रक. नवीन मालिका बहुधा सोमवारी सुरू होते, म्हणून आधीच्या आठवड्यात त्या सोमवारची वेळ उघडून बघा. जुनं नाव अजून दिसत असेल तर त्यावर विसंबू नका, ते उशिरा बदलतात. नाव बदललेलं दिसलं तर मात्र तो पक्का धागा.

तिसरी खूण कलाकारांची. रोजच्या मालिकेचे काही भाग आधीच चित्रित करून ठेवलेले असतात, त्याला बँक म्हणतात. त्यामुळे चित्रीकरणाचा शेवटचा दिवस टीव्हीवरच्या शेवटच्या भागाच्या आधी येतो. मेकअप रूममधले निरोपाचे फोटो, केक, 'शेवटचा दिवस' अशी ओळ दोन-तीन कलाकारांच्या स्वतःच्या खात्यावर आली की समजा ठरलं. एकाच कलाकाराने टाकलं असेल तर कदाचित फक्त तिची भूमिका संपलीय. २०२५ च्या जानेवारीत 'प्रेमाची गोष्ट'मध्ये मुक्ताच्या भूमिकेत तेजश्री प्रधानच्या जागी स्वरदा ठिगळे आली. नायिका बदलली, मालिका त्यानंतरही काही महिने चालली.

पेडणेकार:
माझ्या मते दुपारी ढकलली की महिनाभरात संपते. तसं सरळ लिहायला हरकत नाही.

साखळीहून:
हरकत आहे. 'आई कुठे काय करते' मार्च २०२४ मध्ये संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली, कारण साडेसातला 'घरोघरी मातीच्या चुली' सुरू झाली. तेव्हा 'आता संपलीच' म्हणणारे ढीगभर होते. मालिका संपली ३० नोव्हेंबर २०२४ ला, आठ महिन्यांनी. दुपारचा प्रेक्षक वेगळा आहे, त्या वेळेकडून अपेक्षित आकडाही कमी असतो, म्हणून संध्याकाळी कमी पडणारी मालिका दुपारी टिकू शकते. दुपार म्हणजे उतरण, हे खरं. पण महिनाभर हा हिशेब कुठून आला?

पेडणेकार:
मान्य. मग बिग बॉसचं काय? तिथे तर शेवटची तारीख लोक पहिल्याच आठवड्यात सांगतात.

साखळीहून:
१०० दिवस धरून सांगतात आणि तिथेच फसतात. मराठीचं पाचवं पर्व २८ जुलै २०२४ ला सुरू झालं आणि ६ ऑक्टोबरला, ७० दिवसांत, सूरज चव्हाण विजेता ठरून संपलं. आपल्या वर्षा उसगांवकर त्याच पर्वात होत्या, त्यामुळे गोव्यात ते घराघरांत बघितलं गेलं. महाअंतिम सोहळ्याची तारीख सूत्रसंचालक पडद्यावर सांगेपर्यंत लिहू नका. कोण बाहेर गेलं याच्या बातम्या मात्र शनिवारी फुटतात, कारण शनिवार-रविवारचे भाग आधी चित्रित होतात. त्या खऱ्याही निघतात, पण गटात रविवारचा भाग होईपर्यंत थांबलेलं बरं. ज्यांना उत्सुकतेने बघायचंय त्यांची मजा जाते.

काणकोणची:
फोटोंबद्दल. लग्नाचा फोटो आला की आधी मालिकेत लग्नाचं कथानक चालू आहे का ते आठवा. मुंडावळ्या, नऊवारी, मंगळसूत्र हे सगळं सेटवरचंही असतं. त्याच साड्या, तेच दागिने गेल्या पंधरवड्याच्या प्रोमोत सापडले तर विषय संपला. मग फोटो गुगल लेन्समध्ये टाका. तोच फोटो वर्षभर आधीच्या तारखेने दिसला तर जुना.

गोव्यातल्या चित्रीकरणाच्या बाबतीत २०२१ हे साल लक्षात ठेवा. त्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोविडमुळे चित्रीकरण थांबलं आणि बऱ्याच मराठी-हिंदी मालिका गोव्यात आल्या. मे महिन्यात गोवा मनोरंजन संस्थेने परवानग्या रद्द केल्या. म्हणजे गोव्यात काढलेले कलाकारांचे त्या काळातले खरेखुरे फोटो भरपूर आहेत. कुणी ते आज 'सध्या गोव्यात' म्हणून टाकले तर ठिकाण बरोबर, साल चूक. मालिकेचं पथक खरंच आलं असेल तर गोव्यातल्या विशेष भागांचा प्रोमो काही दिवसांत येतोच. तोपर्यंत हॉटेलचं किंवा बंगल्याचं नाव कुणी पाठवलं तरी गटात टाकू नका, लोक दारात जाऊन उभे राहतात.

ब्रेकअप, घटस्फोट, कोण कुणाबरोबर: ज्याचं त्याने स्वतःच्या खात्यावर किंवा मुलाखतीत सांगितलं नसेल ते देऊ नये. 'एकमेकांना अनफॉलो केलं' हा पुरावा नाही. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे आणि पुढे पाठवणाराही त्यातून आपोआप सुटत नाही.

निधनाच्या बातमीला सर्वांत जास्त थांबा. ज्योती चांदेकर १६ ऑगस्ट २०२५ ला गेल्या. 'ठरलं तर मग'ची पूर्णा आजी गेली म्हणून बायका रडल्या, ती बातमी खरी होती. पण अशाच शब्दांत हयात कलाकारांच्याही पोस्ट फिरतात. घरच्यांचं किंवा वाहिनीच्या अधिकृत खात्याचं निवेदन, नाहीतर ओळखीच्या वर्तमानपत्रातली बातमी, यांपैकी एक तरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय श्रद्धांजली टाकू नका. पूर्णा आजीच्या जागी पुढे रोहिणी हट्टंगडी आल्या, ते वाहिनीने सांगेपर्यंत किती तरी नावं फिरत होती.

फोंडेकरीण:
सगळ्यांना देव बरें करूं. या शुक्रवारसाठी असं लिहिलंय, बघा बरं: 'सोमवारपासून संध्याकाळी साडेसातला नवी मालिका सुरू होतेय. सध्या त्या वेळेला लागणाऱ्या मालिकेची नवी वेळ किंवा शेवटचा भाग वाहिनीने जाहीर केलेला नाही. सेट-टॉप बॉक्सवर सोमवारी तिचं नाव दिसत नाही, म्हणजे ती संपतेय.'

साखळीहून:
पहिली दोन वाक्यं उत्तम. तिसऱ्यातलं 'म्हणजे ती संपतेय' काढा. नाव साडेसातला दिसत नाही एवढंच तुम्ही बघितलंय. सहापासून अकरापर्यंत आणि दुपारी एक ते चार अशी पूर्ण चौकट चाळा. कुठेतरी दिसली तर ती वेळ लिहा. कुठेच नसेल तर 'गुरुवारी रात्री बघितलं तेव्हा सोमवारच्या वेळापत्रकात नाव नव्हतं' असं लिहा, वारासकट. शनिवारी ते बदललं तरी तुमचं वाक्य खोटं पडणार नाही.

मांडवीकाठ:
आणि खाली टीआरपी देताना आठवडा क्रमांक, 'महाराष्ट्र/गोवा' आणि वयोगट एका ओळीत. दर आठवड्याला तोच वयोगट ठेवा, नाहीतर मागच्या शुक्रवारशी तुलना करता येणार नाही.