मदत हवी आहे : लॉच्या कर्जासाठी घर तारण ठेवावं का?

नमस्कार मंडळी. भाचीला पाच वर्षांच्या बीए एलएलबीला प्रवेश मिळालाय. वर्षाला १,६०,००० म्हणजे एकूण ८ लाख. कर्ज साडेसात लाखांवर गेलं की बँक तारण मागते. बार्देशातलं घर अजून तिच्या दिवंगत आजोबांच्या नावावर आहे, इन्व्हेंटरी (वारसांमधल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालेली नाही. आपल्या गोव्याच्या नागरी कायद्याने सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या नवरा-बायकोच्याही सह्या लागणार, त्यात एक काका पोर्तुगालला. ते जमेपर्यंत फीची तारीख उलटेल. त्यापेक्षा कर्ज साडेसातलाच थांबवून वरचे ५०,००० घरातून भरावेत, असं मला वाटतं.

खरी धास्ती व्याजाची. वर्षाला दीड लाख उचलले आणि १० टक्के सरळव्याज धरलं, तर हप्ते सुरू होईपर्यंत, म्हणजे कोर्स अधिक एक वर्ष संपेपर्यंत, ३ लाख व्याज साचतं. पहिल्या वर्षी महिना १,२५० भरत गेलं तर त्या वर्षाचं व्याज तिथंच फिटतं.

गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचं बिनव्याजी कर्ज आधी घेऊन उरलेल्यापुरतंच बँकेकडे जाता येतं का? दोन्ही कर्जं एकत्र कुणी घेतलीयत? बँकेने ना-हरकत मागितली का? ८०ईची (शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली) सूट भाचीच्या वडिलांना हवी, तर त्यांना सहकर्जदार करणं पुरेल का? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.