ओव्हनमधलं कुरकुरीत चिकन: तुमच्या घरी कसं जमतं?

रात्री सगळं घर एकत्र जेवायला बसणार असलं की आमच्याकडे बहुतेक वेळा चिकनचीच फर्माईश असते, आणि तेही कुरकुरीत हवं असतं. तळायचं म्हटलं की एक जण कढईपाशी अडकतो. बाकीचे जेवत असतात आणि तो घाणे काढत उभा असतो. ओव्हनमध्ये सगळे तुकडे एका दमात होतात आणि सगळे एकत्र बसतात, म्हणून मला हा प्रकार मनापासून आवडतो. पण 'ओव्हनमध्ये चिकन नुसतं शिजतं, कुरकुरीत होत नाही' ही तक्रारही खूपदा ऐकते. ज्यांना जमतं ते नेमकं काय करतात, हे एका जागी यावं म्हणून हा धागा. अख्खी कृती नसली तरी चालेल, पण कोणता तुकडा, किती तापमान, किती वेळ आणि मुख्य म्हणजे असं का करता, ते जरूर लिहा.

सुरुवात मी करते. मी हाडासकट, कातडीसकट तंगड्या आणि मांडीचे तुकडे घेते. ते आधी किचन टॉवेलने टिपून कोरडे करायचे. कोरडे म्हणजे बोट फिरवलं तर बोटाला ओल लागता कामा नये. किलोभर चिकनला दीड छोटा चमचा मीठ, दोन सपाट छोटे चमचे बेकिंग पावडर आणि भरड मिरपूड एकत्र करून सगळीकडून चोळते. मग तुकडे ट्रेवर ठेवलेल्या जाळीवर मांडून, वर काहीही न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवते. खालचा कप्पा अशासाठी, की कच्च्या चिकनचा थेंब दुसऱ्या अन्नावर पडू नये. दुसऱ्या दिवशी कातडी कागदासारखी सुकलेली आणि घट्ट ताणलेली दिसते. तशी दिसली की निम्मं काम झालं.

ओव्हन 220 अंश सेल्सिअसला पूर्ण तापवून घेते आणि 40 ते 45 मिनिटं भाजते. मध्ये एकदा ट्रेची दिशा बदलते. तेल लागत नाही, कातडीखालची चरबी वितळून तीच कातडीला तळते. शेवटच्या दहा मिनिटांत कान दिला तर आतून बारीक चरचर ऐकू येते.

यामागचं कारण साधं आहे. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही, सगळी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. खरपूस रंग आणि चव यायला साधारण 140 अंश तरी लागतात. ओलं चिकन ओव्हनमध्ये घातलं तर ते आधी वाळतं आणि मग भाजलं जातं, तेवढ्यात आतलं मांस कोरडं पडतं. वाळवण्याचं काम फ्रिजमधल्या कोरड्या हवेला करू द्यावं. मिठाने बाहेर आलेलं थोडं पाणी मिठासकट पुन्हा आत मुरतं, त्यामुळे मांसाला आतपर्यंत चव लागते. बेकिंग पावडरमुळे कातडी किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे रंग लवकर धरते आणि वर बारीक बुडबुडे येऊन खडबडीत होते.

* * *

आमच्याकडे कातडी कोणी खात नाही, त्यामुळे बोनलेस छातीचे तुकडे आणि वरून ब्रेडक्रम्ब्ज. आदल्या रात्रीची तयारी लागत नाही, कामावरून आल्यावरही होतं.

क्रम्ब्ज आधी भाजून घ्यायचे, ही माझी एकमेव अट. दीड सेंटिमीटर जाडीचा तुकडा 220 अंशांना 15 ते 18 मिनिटांत शिजतो. एवढ्या वेळात क्रम्ब्जना रंग येत नाही. रंगासाठी थांबलात तर छातीचं मांस सुकून दोरे दोरे होतं. म्हणून दोन वाट्या क्रम्ब्जना दोन मोठे चमचे तेल चोळून जाड बुडाच्या पॅनमध्ये मध्यम आचेवर सोनेरी होईपर्यंत परतते. शेवटच्या मिनिटाला रंग झपाट्याने बदलतो, तेव्हा पॅनपासून हलायचं नाही. लगेच ताटात काढायचे, नाहीतर गरम पॅनमध्ये पुढे भाजत राहतात. पॅनको, म्हणजे जपानी पद्धतीचे ब्रेडक्रम्ब्ज, मिळाले तर उत्तम, ते जाडसर आणि हलके असतात.

तुकडे प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने ठोकून एकसारख्या जाडीचे करते. छातीचा तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. तसाच भाजला तर निमुळतं टोक लाकूड होतं आणि जाड टोक कच्चं राहतं.

मग मैदा, फेटलेलं अंडं, क्रम्ब्ज या क्रमाने. मैदा झटकून अगदी पातळ थर ठेवायचा. अंड्यात एक चमचा मोहरीची पेस्ट घातली तर चवही येते आणि पकडही. अंड्यातून काढल्यावर तुकडा दोन-तीन सेकंद वर धरून जादा अंडं निथळू द्या. एक हात ओल्या कामाला, दुसरा कोरड्या. क्रम्ब्जवर ठेवल्यावर तळव्याने चांगला दाब द्या. नुसतं घोळवलं तर सुरीखाली सगळं कवच निघून येतं.

* * *

जाळी! वर दोघींनी बाकी सगळं सांगितलं, मी फक्त जाळीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. केक गार करायची तारेची जाळी ट्रेवर ठेवायची आणि त्यावर चिकन. खालूनही गरम हवा लागते आणि सुटलेला रस खाली गळून जातो. नुसत्या ट्रेवर तुकड्याची खालची बाजू त्याच रसात उकडत राहते.

जाळी नसेल तर रिकामा ट्रे ओव्हनबरोबरच तापवा, त्यावर तेल फिरवा आणि तुकडे त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. ठेवताना चर्र आवाज यायला हवा. अर्ध्या वेळाने उलटायचे. गडद रंगाच्या ट्रेवर खालची बाजू चकचकीत ट्रेपेक्षा लवकर रंगते.

आणि गर्दी नको. दोन तुकड्यांत बोटभर जागा हवीच. चिकटून ठेवले की एकमेकांच्या वाफेत मऊ पडतात.

* * *

माझ्या मुलीला अंड्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून आमचं कवच अंड्याशिवाय. घट्ट दही, त्यात कॉर्नफ्लोअर, मीठ, लसूण आणि लाल तिखट. दही पातळ असेल तर आधी फडक्यात टांगून पाणी काढते, नाहीतर कवच मऊ राहतं. मांडीचे बोनलेस तुकडे यात दोन-तीन तास मुरवते. जास्त वेळ मुरवावं असं वाटतं खरं, पण आंबटपणामुळे मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. तुकडा बाहेर काढला की जादा दही बोटांनी निपटून टाकायचं, पातळसा लेप राहिला तरी पुरे.

वरून चुरलेले कॉर्नफ्लेक्स. पिशवीत घालून हातानेच चुरते. मिक्सरमध्ये पीठ झालं की कुरकुरीतपणा गेला. काही तुकडे नखाएवढे राहिले तर दिसतातही छान. 200 अंशांना 25 मिनिटांच्या आसपास, कारण कॉर्नफ्लेक्स मुळात भाजलेले असतात आणि जास्त तापमानाला करपतात. साखरेचा थर असलेले घेऊ नका, ते तर फारच लवकर काळे होतात.

ज्यांच्या घरी ग्लूटेन चालत नाही त्यांनी पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. बऱ्याच कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचं मॉल्ट असतं आणि जवात ग्लूटेन असतं, नुसतं मक्याचं नाव बघून घेऊ नये. मैद्याऐवजी तांदळाचं पीठ मात्र झकास चालतं, उलट जास्त कुरकुरीत होतं.

* * *

मी बरीच वर्षं कँटीनच्या स्वयंपाकघरात काम केलं आहे, तिथली एक गोष्ट घरीही पाळतो: चिकन झालं की नाही हे रंगावरून ठरवत नाही. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटरची सुई घालायची. आत 74 अंश सेल्सिअस दिसलं की खायला सुरक्षित. छातीचा तुकडा त्याच क्षणी बाहेर काढायचा.

तंगडी आणि मांडी मात्र 80 ते 85 अंशांपर्यंत जाऊ द्या. 74 ला ती सुरक्षित असते, पण चावायला चिवट लागते. त्या मांसात संयोजी ऊती, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारे चिवट धागे, जास्त असतात. त्यांतलं कोलॅजन विरघळून जिलेटिन व्हायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. म्हणूनच पहिल्या अनुभवातली कृती मांडीला लागू पडते आणि छातीला पडत नाही. छाती आणि तंगड्या एकाच ट्रेमध्ये भाजायच्या असतील तर छातीचे तुकडे उशिरा आत ठेवा.

हाडाजवळ लालसर दिसलं की पुष्कळ जण घाबरून पुन्हा ओव्हनमध्ये घालतात. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो, पूर्ण शिजल्यावरही तो दिसू शकतो. उलटही खरं आहे: रस स्वच्छ आला म्हणजे शिजलंच असं नाही.

आणि एक कळकळीची विनंती, कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू पाण्याने जात नाहीत, ते शिजवल्यावरच मरतात. धुताना उडालेल्या तुषारांबरोबर मात्र ओट्यावर, कोथिंबिरीवर, स्वच्छ भांड्यांवर जातात. टिपून घ्या, टॉवेल टाकून द्या, हात साबणाने धुवा. शिवाय कुरकुरीत हवं असेल तर धुऊन आणखी पाणी कशाला घालायचं?

* * *

आमच्या जेवणाच्या टेबलावर सहा वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतची माणसं असतात. बाबांचे दात थोडेच उरलेत. कडक कवच त्यांच्या हिरड्यांना टोचतं, आणि वेगळं मऊ ताट वाढलेलं त्यांना अजिबात आवडत नाही. म्हणून त्यांच्या तुकड्यांना मी क्रम्ब्ज बारीक करून लावते आणि वरून तेलाचा हात जरा सढळ ठेवते. रंग तोच येतो, कवच पातळ आणि खुसखुशीत होतं, दाताखाली लगेच मोडतं. मांस मांडीचंच, कारण ते ओलसर राहतं. बाकीच्यांना जाड पॅनको. पानात दोन्ही सारखेच दिसतात. बाबा स्वतः हाताने तुकडा मोडून खातात, तेव्हा तो मोडल्याचा आवाज येतोच. तेवढ्यासाठी वेगळ्या वाटीत क्रम्ब्ज फिरवायला मला काहीच वाटत नाही.

* * *

छोटा ओव्हन असलेल्यांसाठी. वरची कॉइल अन्नाच्या फार जवळ असते, त्यामुळे वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. ट्रे मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत ठेवा. पंख्याचा मोड असेल तर जरूर लावा, हवा खेळती राहिली की वाफ लवकर निघून जाते. पण पंख्याबरोबर तापमान 20 अंशांनी कमी ठेवा. बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत बराच फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर मिळतो, तो घ्या. कृतीत दिलेल्या वेळा तुमच्याकडे का जुळत नाहीत ते तेव्हाच कळेल.

बेकिंग पेपर वापरत असाल तर त्याच्या पाकिटावरची तापमानाची मर्यादा बघा, अनेक कागदांना ती 220 च्या आसपासच असते.

* * *

ताई, बेकिंग पावडर संपली असेल तर खायचा सोडा चालेल का? आणि मध लावलेलं चिकन या पद्धतीने होईल का?

* * *

(धागा काढणारी) सोडा नको. तो कितीतरी तीव्र असतो, चव साबणासारखी कडवट होते. पावडर नसेल तर नुसत्या मिठाने रात्रभर वाळवा, तेही छान होतं. पावडर अ‍ॅल्युमिनियमविरहित असेल तर बरी, दुसऱ्या प्रकारची कधी कधी धातूसारखी चव जाणवते.

मध चालेल, पण शेवटच्या पाच-सात मिनिटांत ब्रशने लावा. सुरुवातीपासून लावला तर 220 ला करपणारच. आणि मधाने कातडी थोडी चिकट होणार हे धरून चाला. माझ्या मते मध वेगळ्या वाटीत द्यावा, ज्याला हवा त्याने बुडवून खावा.

* * *

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ओव्हनमधून काढल्यानंतरचा अर्धा तास, त्याबद्दल लिहितो. आमच्याकडे सगळे एका वेळी घरी पोचत नाहीत. झालेलं चिकन डब्यात किंवा फॉइलखाली झाकून ठेवलं की आतली वाफ कवचातच जिरते आणि दहा मिनिटांत सगळं मऊ. मी ते जाळीवरच उघडं ठेवतो. उशीर होणार असेल तर ओव्हन 90-100 अंशांवर आणून जाळीसकट आतच ठेवतो, अर्धा तास सहज टिकतं. ताटात वाढतानाही रस्सा किंवा सॉस वरून ओतत नाही, बाजूला ठेवतो.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्ह नको, पुन्हा जाळीवर 190 अंशांना दहा-बारा मिनिटं, आतून चांगलं कढत होईपर्यंत.

कामाच्या आठवड्यात हमखास उपयोगी पडतं ते असं: क्रम्ब्ज लावलेले कच्चे तुकडे ट्रेवर सुटे मांडून गोठवायचे आणि कडक झाले की पिशवीत भरायचे. करायच्या दिवशी बाहेर काढून वितळवायचे नाहीत. वितळताना पाणी सुटतं आणि कवच चिकट होतं. थेट तापलेल्या ओव्हनमध्ये 200 अंशांना, नेहमीच्या साधारण दीडपट वेळ. आतलं तापमान तेवढं न विसरता बघा, गोठलेल्या तुकड्यात बाहेरचा रंग फार लवकर तयार दिसतो. पिशवीवर तारीख लिहून ठेवतो आणि महिन्याभरात संपवतो.